पँडोरावरचा मास्क कुठे गेला?

‘अवतार’बद्दल इंटरनेटवर एक जोक वर्षानुवर्षं फिरतोय. जगात सर्वांत जास्त कमाई केलेला सिनेमा ना हा? मग यातल्या तीन पात्रांची नावं सांगा बघू! बहुतेक जण ‘जेक’च्या पुढे अडखळतात. पण त्यांनाच विचारा, सिनेमात पाहिलंत काय? मग हवेत तरंगणारे डोंगर, पाऊल पडताच उजळणारं जंगल, कड्यावरून झेपावणारे बॅन्शी, हे सगळं ते हातवारे करून सांगायला लागतात. कथा विसरली, जागा मात्र डोक्यात राहिली.

२७ मे २०१७ रोजी फ्लोरिडातल्या डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडम पार्कात ‘पँडोरा – द वर्ल्ड ऑफ अवतार’ उघडलं, ते नेमकं हेच ओळखून. त्याच्या डिझाइनची धुरा होती जो रोडी यांच्याकडे. १९९८ साली सुरू झालेल्या मूळ अ‍ॅनिमल किंगडमचे प्रमुख डिझायनरही तेच. जेम्स कॅमेरॉन यांना सोबत घेऊन त्यांच्या टीमने सुमारे १२ एकरांत मोआरा नावाची दरी उभी केली. तिथे ना जेक भेटतो, ना नेटिरी. सिनेमातलं युद्ध संपून बराच काळ लोटलाय, खाणकाम करणारी आरडीए कंपनी निघून गेलीय आणि अल्फा सेंटॉरी एक्स्पिडिशन्स नावाच्या काल्पनिक टूर कंपनीने आपल्याला सहलीला आणलंय. कथा म्हणावी तर एवढीच.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. आमच्याकडे काहीही बांधायच्या आधी एक प्रश्न विचारतात: यूजर कोण? पँडोराने त्याचं फार प्रामाणिक उत्तर दिलंय. यूजर पर्यटक आहे. तो बाहेरही पर्यटक, आतही पर्यटक. गळ्यातला कॅमेरा, पाठीवरची सॅक, कंटाळून रडणारं पोर, सगळं त्या कथेत आपोआप बसतं. कुणालाही नाटक करावं लागत नाही.

याची किंमत कळायला डिस्नेचंच दुसरं उदाहरण बघा. २०१९ साली उघडलेल्या ‘स्टार वॉर्स: गॅलक्सीज एज’मध्ये आपण बटू नावाच्या ग्रहावर उतरतो, विक्रेते तिथल्या बोलीत बोलतात, फोनवरच्या अ‍ॅपने दारं ‘हॅक’ करता येतात. आपल्याला पात्र व्हायला लावणारी ही कल्पना मोठी खरी, पण उन्हात रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडून ती अभिनयाची अपेक्षा धरते. हीच कल्पना पूर्ण ताणून बांधलेलं दोन रात्रींचं ‘गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ हॉटेल मार्च २०२२मध्ये सुरू झालं आणि सप्टेंबर २०२३मध्ये बंद पडलं. त्यांचे दरही सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेरचे होते, हे मान्य. पण पर्यटकाला पर्यटक राहू देणारं पँडोरा अजून गर्दी खेचतंय.

कारागिरीबद्दल तर बोलायलाच नको. तरंगत्या डोंगरांना पेलणारं पोलाद वेलींच्या आणि धबधब्यांच्या आड लपवलंय. खरी झाडं आणि खोटी झाडं अशी शेजारी लावलीत की थोड्या वेळाने आपण भेद शोधायचं सोडून देतो. अमेरिकेत ऑनसाइटला असताना एका वीकेंडला मी तिथे गेलो होतो. ‘फ्लाइट ऑफ पॅसेज’मध्ये मोटरसायकलसारख्या सीटवर बसलो आणि मांड्यांमध्ये बॅन्शीचा श्वास फुगताना-ओसरताना जाणवला. समोरच्या पडद्यापेक्षा तो श्वास जास्त खरा होता.

श्वासावरूनच माझी मुख्य तक्रार सुरू होते.

सिनेमात माणसाला पँडोराची हवा सोसत नाही. मास्क निघाला की काही मिनिटांत खेळ खलास. हे फक्त विज्ञानकथेचं लटांबर नाही. मास्क ही तिथल्या प्रत्येक माणसाच्या तोंडावर लावलेली पाटी आहे: तू इथला नाहीस. शेवटी जेकचं मानवी शरीर मास्कवाचून तडफडत असतं, तेव्हा नेटिरी तो त्याच्या चेहऱ्यावर बसवते आणि त्याला पहिल्यांदा माणूस म्हणून बघते. अख्ख्या सिनेमाचा जीव त्या क्षणात आहे.

मोआरा दरीत मास्क लागत नाही. अर्थात, लाखो पाहुण्यांना तो लावणार कसा, हा व्यवहाराचा प्रश्न आहेच. (नियतीचा विनोद असा, की ११ जुलै २०२०ला पार्क पुन्हा उघडलं तेव्हा प्रत्येक पाहुणा मास्क लावूनच पँडोरावर फिरत होता. कारण वेगळं होतं, एवढंच.) पण मास्कबरोबर ती पाटीही गेली, आणि तिच्या जागी दुसरं काहीच आलं नाही. युद्धाची यंत्रं वेलींनी गिळलेली, गंजलेली दिसतात. त्यांच्यासमोर लोक सेल्फी काढतात. आरडीएच्या जुन्या मेसचं सातुली कॅन्टीन झालंय आणि तिथे ना'वींचं विणकाम टांगलंय. खुद्द ना'वी मात्र राइडच्या पडद्यांवर, आणि नदीच्या सफरीत शेवटी गाणारी एक यांत्रिक शामान. वाटेवर ढोल वाजवणारेही माणसंच. दहा फुटी निळे नट आणायचे कुठून, हे कळतं. तरीही परिणाम असा होतो, की आपण कुणाच्या तरी घरी गेलोय आणि यजमान दारात यायला तयार नाहीत. खाणवाले गेले, टूरवाले आले. यजमानांना विचारलं कुणी?

‘सुट्टीवर आलेल्या माणसाला कशाला अपराधी वाटायला लावायचं?’ हा आक्षेप मला कळतो. यूजरच्या वाटेतला प्रत्येक खडा उचलणं हेच तर माझंही रोजचं काम. पण काही खडे मुद्दाम ठेवायचे असतात. पैसे पाठवताना अ‍ॅप ‘नक्की ना?’ असं विचारतं, तसा. पँडोरात सगळीकडे जाता येतं, सगळ्याला हात लावता येतो. जिथे एकही जागा आपल्याला ‘नाही’ म्हणत नाही, ती परकी कशी वाटणार?

ही तक्रार आता जुनी राहिलेली नाही. २०२५च्या तिसऱ्या भागात स्पायडर या माणसाच्या पोराला मास्कशिवाय श्वास घेता येऊ लागतो. आनंद व्हायच्या ऐवजी सगळे हादरतात, कारण माणसाला इथली हवा सोसू लागली तर पँडोराचं काही खरं नाही. म्हणजे पार्कने २०१७ साली जे सहज देऊन टाकलं, ते सिनेमात आता सर्वांत मोठं संकट ठरलंय.

कॅलिफोर्नियातल्या पार्कातही ‘अवतार’वर आधारित आकर्षण उभारणार असल्याचं डिस्नेने २०२४ साली जाहीर केलंय. डोंगर आणखी उंच होतील, पाणी आणखी निळं होईल, त्याची मला चिंता नाही. तिथे निदान एक पायवाट अशी असावी, जी दिसते, रात्री उजळते, पण जिच्यावरून फक्त ना'वी जातात. पाहुण्यांनी कठड्याशी थांबून बघावं आणि परत फिरावं.