महालातला ताशा आणि उसने अंग

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, निघते, तेव्हा महाल-इतवारी या वस्त्यांच्या गल्ल्यांत ताशाचा कडकडाट गर्दीच्या आधी येऊन पोहोचतो. काळ्या मारबतीची प्रथा 1881 पासूनची, पिवळीची 1885 पासूनची. त्या काळच्या मिरवणुकीत चामडे आणि काठी एवढीच सामग्री होती. आज संदल आणि धुमाल या मिरवणुकीतल्या वादनाच्या ताफ्यात ताशा-ढोलाच्या जोडीला ऑक्टोपॅड हा इलेक्ट्रॉनिक तालफलक असतो, कीबोर्ड असतो आणि गाडीवर रचलेली स्पीकरची भिंत असते. या भिंतीतून ताशा किंवा साइड ड्रम, म्हणजे स्नेअर, भरीव ऐकू यावा, यासाठी वादक आणि साउंडवाले जो उपाय करतात तो म्हणजे खऱ्या थापेला सॅम्पलचा, म्हणजे साठवलेल्या आवाजाचा, आधार देणे, किंवा खरी थाप काढून टाकून सॅम्पलच वाजवणे. हे दोन उपाय एकच समजले जातात. तसे ते नाहीत.

आधी अडचण समजून घेऊ. स्नेअरच्या आवाजात तीन थर असतात: काठीचा तडाखा, पिंपाचे अंग आणि खालच्या तारांची खळखळ. अंग साधारण 200 हर्ट्झच्या आसपास बसते, तडाखा काही हजार हर्ट्झवर. कीबोर्डचा बेस आणि ढोल एकाच वेळी सुरू झाले की खालचा थर गिळला जातो आणि स्नेअरची नुसती ‘टक’ उरते. ताशाला तारा नसतात. त्याचे पसरट भांडे आणि घट्ट ताणलेले पान तडाखाच जास्त देते, म्हणून अंगाची उणीव तिथे आणखी जाणवते.

इथे ट्रिगर कामाला येतो. कडेला चिमट्याने बसवलेला किंवा पानाला चिकटवलेला छोटा सेन्सर थापेचा हादरा विजेच्या खुणेत बदलतो आणि ती खूण मिळताच यंत्र साठवलेला आवाज सोडते. सगळे कसब पुढच्या जुळवणीत आहे. संवेदनशीलता जास्त ठेवली तर शेजारच्या ढोलाच्या दणक्यानेही सॅम्पल वाजते. कमी ठेवली तर ताशाच्या तर्रीतल्या, म्हणजे सलग जलद ठोक्यांतल्या, हलक्या थापा गळून पडतात. मिरवणुकीत चूक नको म्हणून बहुतेक जण दुसरा मार्ग धरतात. मग ठळक ठोके तेवढे भरीव होतात आणि त्यांच्यामधली नक्षी पुसली जाते.

ही विद्या स्टुडिओतून रस्त्यावर आली. अमेरिकन ध्वनितज्ज्ञ रॉजर निकोल्स यांनी ‘वेंडेल’ हे ड्रमचे सॅम्पल वाजवणारे यंत्र घडवले आणि स्टीली डॅन या बँडच्या 1980 च्या ‘गाउचो’ या अल्बममध्ये ते वापरले गेले. 1991 मध्ये निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ मिक्स करताना अँडी वॉलेस यांनी खऱ्या ड्रमच्या जोडीला सॅम्पल घेतले. ड्रमरची थाप तिथे टिकून राहते आणि सॅम्पल तिच्या मागे जागा उभी करते. याच सुमारास रोलंड कंपनीचा ऑक्टोपॅड हातात खेळू लागला होता: पहिला 1985 चा, तर आपल्याकडे घरोघरी पोहोचलेला एसपीडी-20 हा 1998 चा.

सॅम्पल खऱ्या थापेखाली ठेवायचे तर एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. 200 हर्ट्झच्या लहरीचे एक आवर्तन 5 मिलिसेकंदांचे असते. सॅम्पल अडीच मिलिसेकंद मागे पडले, तर एका लहरीचा चढ दुसरीच्या उताराला भिडतो आणि जे अंग वाढवायचे तेच खोडले जाते. दोन आवाज मिळवूनही स्नेअर पोकळ का झाला, याचे उत्तर अनेकदा इथे सापडते. स्टुडिओत सॅम्पल थापेशी जुळेल असे सरकवता येते. रस्त्यावर ट्रिगर नेहमी थापेच्या मागूनच येणार, तेव्हा डिजिटल मिक्सरवर माइकची वाट तेवढीच लांबवावी लागते. ही सोय असूनही क्वचितच वापरली जाते. त्याऐवजी आवाज वाढवणारा फेडर वर जातो.

आवाज मोठा करणे म्हणजे तो भरणे नव्हे, हे महालात चटकन पटते. निवासी भागासाठी 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसाची मर्यादा 55 डेसिबल ठरवली आहे. बडकस चौकातून जाणारी स्पीकरची भिंत तिच्या कितीतरी वर असते आणि तरीही तिच्यातला ताशा पातळच ऐकू येतो. याच वस्तीतून राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पथसंचलन निघते. त्यातल्या घोषातले, म्हणजे वाद्यपथकातले, आनक, म्हणजे साइड ड्रम, हातानेच वाजतात आणि भरदार वाटतात. दहा वादक एकाच मात्रेवर काठी टाकतात, पण कोणी केसभर आधी असतो, कोणी केसभर नंतर. प्रत्येकाचे पान वेगळे ताणलेले, प्रत्येकाचे मनगट वेगळे. हा सूक्ष्म विखुरलेपणाच जाडी देतो. ढोल-ताशा पथकांचा दणदणाटही त्यावरच उभा आहे.

सॅम्पल नेमके हेच काढून घेते. तोच एक ठोका तर्रीत सलग वाजला की कान दोन क्षणांत ओळखतो आणि ताशा मशीनगनसारखा तडतडू लागतो. एसपीडी-20 मध्ये सुमारे 700 आवाज आहेत, पण स्वतः ध्वनिमुद्रित केलेला आवाज त्यात भरता येत नाही. त्यामुळे नागपूरची मिरवणूक असो वा मुंबईचा ऑर्केस्ट्रा, स्नेअर त्याच कारखान्यातून निघालेला ऐकू येतो. संदलची चाल वेगळी, तिचा झोल वेगळा. आवाज मात्र उसना. या कलेच्या आजच्या अवस्थेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे आणि ती पैशांच्या अभावी आलेली नाही. 2011 चा एसपीडी-एसएक्स आपले ध्वनिमुद्रण आत घेतो. लॅपटॉपवरचा साधा सॅम्पलरही ते करतो.

संदल-धुमालच्या पथकांनी एकत्र येऊन आपल्या ताशांचा संग्रह करायला हवा. शांत खोली, एक माइक जवळ आणि एक लांब. उत्तम वादकाकडून हलक्या थापेपासून कडक थापेपर्यंत किमान सहा पायऱ्या, प्रत्येक पायरीवर डाव्या आणि उजव्या हाताचे चार-चार ठोके, भांडे तापवण्याआधीचे आणि नंतरचे. यंत्राने ते आलटून पालटून वाजवावेत आणि खऱ्या ताशाच्या माइकखाली, त्याच्यापेक्षा हळू ठेवावेत. पुढच्या मारबतीपर्यंत एखाद्या पथकाने एवढे केले, तरी या गल्ल्यांतल्या स्पीकरमधून इथलाच ताशा वाजेल आणि बाकीच्यांना तुलना करायला काहीतरी मिळेल.