दहा गुंठ्यांचे गणित : श्री. अ. दाभोळकरांच्या कृषिविचाराचे परीक्षण

मराठीत शेतीविषयक लेखन विपुल आहे. परंतु त्यातील बहुतेक माहितीपर असून ज्यास सिद्धान्त म्हणता येईल असे त्यात फार थोडे आढळते. श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१) ह्यांचे ‘विपुलाच सृष्टी’ आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेले ‘प्लेन्टी फॉर ऑल’ हे इंग्रजी पुस्तक ह्यांची गणना ह्या थोड्यांत करावी लागते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकविणाऱ्या आणि कोल्हापुरात राहून ‘प्रयोग परिवार’ उभा करणाऱ्या ह्या विचारवंताविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. अनुयायी त्यांचे म्हणणे सिद्ध मानतात. विद्यापीठीय मंडळी ते विज्ञान नव्हे म्हणून बाजूस सारतात. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट टाळली आहे, ती म्हणजे त्यांचा हिशेब तपासणे. प्रस्तुत टिपणाचा हेतू तेवढाच आहे.

दाभोळकरांचे मुख्य प्रतिपाद्य असे : पाच माणसांच्या कुटुंबास नीट जगण्यासाठी दहा गुंठे जमीन पुरेशी आहे. ह्या विधानामागील त्यांची दृष्टी नवी आहे. किती खत घातले असता किती उत्पन्न येते, हा कृषिशास्त्राचा नेहमीचा प्रश्न. दाभोळकर विचारतात, जमिनीवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी किती वाया जातो? ते एकराऐवजी पानाचे क्षेत्रफळ हे मोजमाप धरतात. झाडाची पांढरी मुळे, त्यांभोवतीची जिवंत माती आणि मातीकडे परत जाणारा काडीकचरा ही त्या पानाची साधने ठरतात. सूर्यप्रकाश हे शेतकऱ्याचे खरे भांडवल आणि ते गरिबासही श्रीमंताइतकेच मिळते, हा ह्या विचाराचा सामाजिक गाभा होय.

आता गणित पाहू. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तेव्हा दहा गुंठे म्हणजे सुमारे १०१२ चौरस मीटर. दख्खनच्या पठारावर वर्षाच्या सरासरीने एका चौरस मीटरास दिवसाकाठी सुमारे ५ किलोवॉट-तास, म्हणजे सुमारे ४३०० किलोकॅलरी इतकी सौर ऊर्जा मिळते. दहा गुंठ्यांस ती सुमारे ४३ लाख किलोकॅलरी होते. प्रत्येकी २४०० प्रमाणे पाच माणसांची दैनंदिन गरज १२,००० किलोकॅलरी. हे प्रमाण मिळालेल्या ऊर्जेच्या तीन-दशांश टक्क्याहूनही कमी आहे. वनस्पतींनी एक टक्का ऊर्जा साठविली आणि त्यातील निम्मा भाग खाण्याजोगा निघाला, तर सुमारे २१,५०० किलोकॅलरी हाती येतील. म्हणजे विधान निसर्गनियमांस सोडून नाही. ‘अशक्य’ हा शेरा मारणाऱ्यांनी हा साधा गुणाकार केलेला दिसत नाही.

परंतु ह्याच गुणाकारात एक अट दडलेली आहे. एक टक्का ही भर वाढीच्या दिवसांत चांगले पीक गाठते ती पातळी होय. सामान्य शेताची वार्षिक सरासरी तिच्या बरीच खाली असते, कारण शेत वर्षातील कित्येक महिने उघडे असते. सबब दहा गुंठ्यांचे आश्वासन खरे व्हावयाचे तर बारा महिने जमिनीवर हिरव्या पानांचे छत असले पाहिजे. असे भरगच्च छत उन्हाच्या दिवसांत दररोज चार ते पाच मिलिमीटर पाणी हवेत सोडते. दहा गुंठ्यांवर ते चार ते पाच हजार लिटर होते. पावसाविना जाणारे आठ महिने धरले, तर ही गरज दहा लाख लिटरांच्या घरात जाते. आच्छादनाने मातीतून उडणारे पाणी वाचते, हे खरे. पण पानातून जाणारे पाणी वाचत नाही. पान ज्या रंध्रांतून कर्बवायू घेते त्याच रंध्रांतून पाणी बाहेर पडते. सूर्य सर्वांस सारखा मिळतो. पाणी मिळत नाही. आपल्याच जिल्ह्यात गगनबावड्यास वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि शिरोळास पाचशेच्या आसपास. बरे, पाणी आणले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. निचऱ्याविना वर्षानुवर्षे उसास पाणी दिल्याने खारवटून पडीक झालेली शिरोळ तालुक्यातील जमीन त्याची साक्ष देते. दाभोळकरांच्या खतावणीत सूर्याची बाजू तपशिलाने मांडलेली आहे, तर पाण्याची बाजू त्या मानाने दुबळी आहे.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. प्रयोग परिवाराचे यश म्हणून तासगाव भागातील द्राक्षशेतीकडे बोट दाखविले जाते, आणि ते यश खोटे नाही. पुण्याजवळ मांजरी येथे द्राक्षाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९७ साली स्थापन झाले. त्याच्या कितीतरी आधी ह्या भागातील बागायतदार छाटणीच्या वेळा, डोळ्यांतील घडनिर्मिती आणि मुळांची स्थिती ह्यांविषयी परस्परांत शास्त्रीय चर्चा करीत होते. ‘थॉम्पसन सीडलेस’मधून ‘तास-ए-गणेश’ हा वाण निवडला गेला तो ह्याच परिसरात, शेतकऱ्याच्या नजरेने. तथापि ह्या उदाहरणाने नेमके काय सिद्ध होते? शेतकरी संशोधक होऊ शकतो, हे निःसंशय सिद्ध होते. थोड्या बाह्य साधनांनी कुटुंबाचे पोट भरते, हे मात्र सिद्ध होत नाही. द्राक्ष हे बाजाराचे पीक. जिबरेलिक आम्ल आणि वारंवारच्या फवारण्या ह्यांवर ते उभे आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड ह्या वाढरोधकाच्या अवशेषामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली; दुष्काळी वर्षांत टँकरच्या पाण्यावर बागा जगविल्या गेल्या. तेव्हा द्राक्षबागेचा पुरावा दहा गुंठ्यांच्या सिद्धान्तास लावणे हे तर्कदृष्ट्या सदोष आहे.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पद्धतीचा. शेतातील प्रयोगास तुलनेचा वाफा हवा, वाफ्यांची निवड चिठ्ठी टाकून व्हावी आणि प्रयोगाची पुनरावृत्ती व्हावी, हे रोनाल्ड फिशर ह्यांनी १९२५ आणि १९३५ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रस्थापित केले. हे शास्त्र भारतीय कृषिसंशोधकांच्या हाती दिले ते दोघा मराठी संख्याशास्त्रज्ञांनी : वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे. त्यांचा संयुक्त ग्रंथ १९५४ साली निघाला. दाभोळकर स्वतः गणिताचे अध्यापक असूनही ह्या वाटेने गेले नाहीत. त्यांचा आक्षेप गंभीर आहे : संशोधन केंद्राचा निष्कर्ष सरासरीचा असतो आणि सरासरी कोणाच्याच शेतात पिकत नाही. हा आक्षेप मान्य करूनही म्हणावे लागते की तुलनेविना केलेला प्रयोग साक्षीच्या पातळीवर राहतो. बाग फळली ती नव्या मातीमुळे, चांगल्या पावसामुळे की मालकाच्या जागरूकतेमुळे, हे साक्षीवरून उलगडत नाही. शिवाय ज्याची बाग फसली तो सहसा पत्र लिहीत नाही. त्यामुळे अशा वाङ्मयात यशस्वी माणसेच भेटतात.

ह्या परिस्थितीत एक गोष्ट ध्यानात येते. संशोधन केंद्रांजवळ तुलनेचा वाफा आहे, पण त्यांच्या जागा मोजक्या आहेत. प्रयोग परिवाराजवळ शेकडो निरनिराळ्या जमिनींवर स्वतः नोंदी ठेवण्यास उत्सुक माणसे होती. उणीव होती ती केवळ तुलनेच्या वाफ्याची. वीस शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात चिठ्ठी टाकून एक-एक वाफा जुन्या पद्धतीने ठेवला, दिलेले पाणी मोजले आणि आलेले धान्य सुकवून तोलले, तर त्या वीस शेतांतून वीस पुनरावृत्ती मिळतात, आणि प्रत्येक शेतकऱ्यास स्वतःच्या शेताचे उत्तरही मिळते. फिशर आणि दाभोळकर ह्यांत वस्तुतः विरोध नाही. तो दोन संस्थांच्या सवयींत आहे.

ह्या चिकित्सेस निकड आहे ती एका कारणासाठी. ज्याच्याजवळ पंचवीस एकर आहेत त्याने दहा गुंठ्यांवर प्रयोग केला आणि तो फसला, तर त्याचे फारसे बिघडत नाही. ज्याच्याजवळ दहाच गुंठे आहेत त्याच्यासाठी हा सिद्धान्त मांडला गेला आहे, आणि फसल्यास त्याच्याजवळ दुसरे काही नाही. अशा माणसास केवळ साक्षीच्या आधारावर आश्वासन देणे योग्य नव्हे. तसेच हिशेब न तपासता त्याची आशा हास्यास्पद ठरविणेही योग्य नव्हे. गगनबावडा, करवीर आणि शिरोळ ह्या तीन तालुक्यांत पाण्याच्या नोंदीसह दहा गुंठ्यांची तुलनात्मक पाहणी किमान तीन वर्षे करणे हा पदव्युत्तर प्रबंधाचा विषय होण्यास सर्वथा योग्य आहे. दाभोळकरांच्या पुस्तकाचा खरा सन्मान त्यानेच होईल.