उद्योगांची मानवी हक्कविषयक जबाबदारी : तळवडे दुर्घटनेच्या संदर्भात राष्ट्रीय धोरणाची चिकित्सा

प्रस्तावना

८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावल्या जाणाऱ्या शोभेच्या मेणबत्त्यांच्या कारखान्यास आग लागली. सहा महिला कामगार जागीच मृत्युमुखी पडल्या. पुढे उपचारादरम्यान मृतांची संख्या वाढत गेली. हा उद्योग आवश्यक परवान्यांविना चालू असल्याचे नंतर समोर आले. या घटनेकडे अग्निसुरक्षेचा प्रश्न म्हणून पाहणे स्वाभाविक आहे. परंतु उद्योगांनी मानवी हक्कांचा आदर करावा असे सांगणारे राष्ट्रीय धोरण या कामगारांपर्यंत का पोहोचू शकले नाही, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

तत्त्व आणि व्याप्ती

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जून २०११ मध्ये या विषयावरील मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली. राज्यसंस्थेने हक्कांचे संरक्षण करावे, उद्योगांनी त्यांचा आदर करावा आणि हक्कभंग झाल्यास पीडितांना दाद मिळावी, हे त्यांचे तीन आधार होत. भारताच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये जबाबदार व्यवसाय आचरणाविषयी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील नऊ तत्त्वांपैकी पाचवे मानवी हक्कांविषयी आहे आणि उद्योगाचा आकार कोणताही असो, ही तत्त्वे सर्वांसाठी आहेत, अशी त्यांची भूमिका आहे.

भूमिका स्वागतार्ह असली तरी ही तत्त्वे ऐच्छिक आहेत. त्यांना बंधनाचे रूप आले ते 'सेबी'च्या अहवालपद्धतीमुळे. हा अहवाल २०२२-२३ पासून अनिवार्य झाला तो बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना. पुरवठा साखळीतील भागीदारांची माहिती देणे तर २०२५ मध्ये ऐच्छिक करण्यात आले. थोडक्यात, तत्त्व सर्वांसाठी आणि उत्तरदायित्व मोजक्यांसाठी, अशी ही रचना आहे.

आकार आणि धोका

चाकण पट्ट्यातील सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योजकाला निदान खरेदीदार कंपनी जाब विचारू शकते. किरकोळ बाजारासाठी माल तयार करणाऱ्या पत्र्याच्या शेडला विचारणारा कोणीच नसतो. कारखानेविषयक कायदाही हीच दिशा दाखवतो. १९४८ च्या अधिनियमात विजेच्या साहाय्याने चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा कामगारांची मर्यादा होती. महाराष्ट्राने ती वीसवर नेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने देशभर वीस हीच संख्या स्वीकारली. धोकादायक कामांना ही मर्यादा लागू राहत नाही, पण त्यासाठी शासनाने तशी अधिसूचना काढावी लागते. जबाबदारी अशी आकारावरून ठरते. धोका मात्र पदार्थावरून ठरतो. ज्वालाग्राही मिश्रण हाताळणाऱ्या पाच स्त्रियांना असलेला धोका, त्या पाचच आहेत म्हणून कमी होत नाही.

लहान उद्योगांना अहवालांचा भार पेलवणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. मात्र येथे अपेक्षित आहे ती अहवालाची नव्हे, तर नोंदणीची आणि तपासणीची. जागा भाड्याने देणारा मालक, कच्चा माल पुरवणारा व्यापारी आणि तयार माल उचलणारा घाऊक विक्रेता यांनी परवाना पाहिल्याखेरीज व्यवहार करू नये, एवढे बंधनही बरेच साधू शकेल.

निष्कर्ष

राष्ट्रीय धोरणाचा सर्वांत दुबळा आधार तिसरा, म्हणजे दाद मिळण्याचा आहे. दुर्घटनेनंतर शासन जाहीर करते ते साहाय्य असते. भरपाई हा हक्क असतो. परवाना नसलेल्या उद्योगातील कामगाराला तो हक्क बजावण्यासाठी आपण तेथे कामाला होतो येथपासून सिद्ध करावे लागते. म्हणून धोकादायक पदार्थांची यादी हाच धोरणाच्या व्याप्तीचा निकष करावा आणि कामगारांची नोंद ठेवण्याचे बंधन पहिल्या कामगारापासून लागू करावे. तसे झाल्याशिवाय पाचवे तत्त्व सूचिबद्ध कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत पाळले जाईल आणि तळवड्यासारख्या ठिकाणी कागदावरही नसेल.