हेल कागदावर उतरवताना

काऽय रे म्हटलं की दरडावणी, काय रेऽ म्हटलं की लाडीगोडी. कायऽ रे असं बोलणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही, कारण 'काय'च्या शेवटी ताणायला स्वरच उरत नाही. आजच्या कथांमधल्या संवादांत मात्र हा तिसरा प्रकार सर्रास भेटतो. हेल आधी ऐकायचा आणि मग लिहायचा, हा क्रम सुटला की असं होतं.

या 'ऽ'ची, म्हणजे अवग्रहाची, गंमत अशी की संस्कृतात ती गळालेल्या 'अ'ची खूण: सोऽहम्. मराठीने तीच खूण वाढवलेल्या स्वराला दिली. खरं तर संस्कृतात ताणलेल्या स्वरासाठी प्लुत होताच. तीन मात्रांचा, आकडा घालून दाखवलेला: ओ३म्. दूरच्याला हाक मारताना वाक्याचा शेवटचा स्वर प्लुत होतो, हे पाणिनीने नोंदवलं आहे. पाणवठ्यावरून "ए सखूऽ" ओरडणारी बाई तो नियम न शिकता पाळते.

शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, हा आपला नियम. त्यामुळे 'नाही'तली दीर्घ ई पाहून बोलणाऱ्याने किती ताणलं ते कळत नाही. साहित्य महामंडळाच्या नियमांनी कवीला वृत्तापुरती ऱ्हस्वदीर्घाची सूट दिली. संवाद लिहिणाऱ्याच्या हाती आला तो 'केलं', 'गेलं'वरचा अनुस्वार. तो तरी काय आहे? नाकातला उच्चार केव्हाच गेला, उरलाय तो लांबलेला 'अ'. म्हणजे मराठी संवादातली लांबणीची सर्वांत रुळलेली खूण म्हणजे एक टिंब, आणि ते कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी कथाकथन गाजवलं. त्यांचे गावकरी छापील पानावरही ऐकू येतात, ते माझ्या मते शब्दांच्या ठेवणीमुळे. 'रं', 'गं', 'की', 'व्हय' वाक्यात नेमके कुठे पडतात, यावर सगळा सूर ठरतो. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली (१९६०) वऱ्हाडीही अशीच. बोली पुरती उतरली की वाचणारा हेल आपणच काढतो.

फोनवर लिहिणाऱ्यांना अवग्रह चटकन सापडत नाही, म्हणून ते 'नाहीईई', 'होओओ' लिहितात. जुने संपादक नाक मुरडतात. मला ही रीत अवग्रहांच्या माळेपेक्षा बरी वाटते. निदान कोणता स्वर ताणला ते दिसतं. ('कायययय' मात्र माफ नाही.)

माळा मात्र वाढतच आहेत: 'आईऽऽऽ गंऽऽऽ'. एका अवग्रहाने ताण कळतो, दोहोंनी अंतर. तिसरा कशासाठी, हे प्रूफं तपासणाऱ्यांनी लेखकाला फोन करून विचारावं, आणि जमल्यास ते वाक्य त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावं.