हायवे कोडमधला ‘शुड’

ब्रिटनचा ‘हायवे कोड’ कोणी भाषेच्या आनंदासाठी उघडत नाही. भारतीय परवान्यावर तिथे बारा महिनेच गाडी चालवता येते. मग लेखी परीक्षेत ५०पैकी ४३ प्रश्न बरोबर यावे लागतात, म्हणून पुण्या-मुंबईहून गेलेली मंडळी हे पुस्तक हाती घेतात. माझ्या मते मात्र इंग्रजीत सक्ती आणि कर्तव्य कसं तोलून मांडतात, हे पाहायला याच्याइतकं चोख गद्य दुसरं नाही. १४ एप्रिल १९३१ला ते एका पेनीला निघालं. आजही नव्या आवृत्त्या येतात.

यात ‘मस्ट’ कॅपिटल अक्षरांत उठून दिसतो आणि नियमाच्या शेवटी बारीक टाइपात कायद्याचा संक्षेप व कलम असतं. तो मोडला की गुन्हा. ‘शुड’ साध्याच अक्षरांत येतो.

नियम १९५ सावकाश वाचावा. झेब्रा क्रॉसिंगशी कोणी थांबलं असेल, तर चालकाने वाट द्यावी, इथे ‘शुड’. त्याच माणसाने क्रॉसिंगवर पाऊल टाकलं की ‘मस्ट’. फुटपाथची कड आणि पहिला पट्टा यांत अंतर एका पावलाचं. तेवढ्यात सौजन्य संपून कायदा सुरू होतो, आणि ही सीमा आखायला लिहिणाऱ्याला एकही विशेषण लागलेलं नाही. मला हा नियम फार देखणा वाटतो.

नियम २४४ची गंमत वेगळी. फुटपाथवर गाडी लावण्याबद्दल लंडनपुरतं ‘मस्ट नॉट’ आणि इतरत्र ‘शुड नॉट’, तेही एकाच वाक्यात! कारण त्यामागचा १९७४चा कायदा लंडनपुरताच आहे. क्रियापद बदललं तिथे शहराची वेस आली असं समजायचं.

तरी माझं मन ‘शुड’वरच अधिक बसतं. ‘केलं तर बरं’ इतका तो मवाळ नाही. नुसता तो मोडला म्हणून खटला होत नाही. पण अपघात झाला, तर १९८८च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टच्या कलम ३८नुसार तोच नियम कोर्टात तुमच्याविरुद्ध मांडता येतो. शिवाय आजचा सल्ला उद्याची सक्ती होऊ शकतो. पुढच्या सीटवर पट्टा बांधणं ३१ जानेवारी १९८३पर्यंत ज्याच्या-त्याच्या मर्जीवर होतं. त्या दिवसापासून ते बंधनकारक झालं.

तिकडे गाडी चालवायला निघालेल्यांना एवढंच सांगेन: कॅपिटल अक्षरं पाठ करताना साध्या ओळी गाळू नका. गाडी ज्या रस्त्यावर वळवायची, तो ओलांडायला थांबलेल्या पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा २९ जानेवारी २०२२चा मोठा बदल ‘शुड’नेच लिहिलेला आहे.