रिकाम्या आकाशाखालचा पलंग

4 जुलै 1932ला डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमध्ये फ्रिडा काहलोचं मूल पोटातच गेलं. ती पंचवीस वर्षांची व्हायला दोन दिवस होते. त्याच वर्षी तिनं पत्र्यावर एक चित्र काढलं, नाव हॉस्पिटलचंच. रक्तानं भिजलेल्या पलंगावर ती उघडी पडलीय, गालावर मोठा अश्रू. तिच्या हातातून सहा लाल फिती नाळेसारख्या निघतात: गर्भ, गोगलगाय, ऑर्किड, कमरेचं हाड, शरीराचा वैद्यकीय नमुना आणि एक यंत्र.

या चित्राला ‘अतिवास्तववादी’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. गोगलगाय म्हणजे गर्भ जाण्याची संथ गती, असं फ्रिडानंच सांगितलंय. आपल्या सिनेमात बाई जिन्यावरून पडते नि पुढच्याच सीनमध्ये डॉक्टर मान हलवतात. मला नववा आठवडा होता आणि सगळं संपायला पाच दिवस लागले. गोगलगायच ती.

चित्रात जे नाही ते मात्र जास्त बोलतं. मेक्सिकोत संकटातून वाचलेले लोक चर्चमध्ये पत्र्यावरचं छोटं चित्र वाहतात, आपल्या नवस फेडण्यासारखंच. त्यात वर आकाशात संत किंवा मेरी असते. फ्रिडानं पत्रा तोच घेतला, आकाश रिकामं ठेवलं. जवळ माणूसही नाही. लांब क्षितिजावर फोर्डचा कारखाना तेवढा.

आपल्याकडे माणसं येतात, नाही असं नाही. “अजून वय आहे गं”, “लवकर झालं ते बरं”. पण ती पुढच्या बाळाशी बोलत असतात. त्यात तीन महिने कुणाला सांगायचं नाही हा रिवाज. आणि शब्द? आपोआप गेलं काय, करवून घेतलं काय, दोन्हीला ‘गर्भपात’च. मातृत्व लाभाचा कायदा त्यात बसणाऱ्या नोकरदार बाईला अशा वेळी सहा आठवड्यांची पगारी रजा देतो. जिनं ऑफिसात दिवस राहिल्याचंच सांगितलेलं नाही, ती ती रजा मागणार कशी?

त्याच सुमारास फ्रिडाचा नवरा, डिएगो रिव्हेरा, डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयाच्या भिंती रंगवत होता. पूर्वेच्या भिंतीवर त्यानं कंदाच्या पोटातलं बाळ काढलं. भव्य आहे ते, पण तिथे रक्त नाही. फ्रिडाचा पत्रा जेमतेम फूटभर उंच. फोनवर बघाल तर झूम करा, पलंगाच्या कडेला तिनं महिना आणि साल लिहिलंय.