टँकर, टंचाई आणि ‘डेड एड’

परकीय मदतीवर संशोधन करायचं ठरवलंत की डम्बिसा मोयो यांचं ‘डेड एड’ (२००९) तुमच्या हातात पडणारच. जरूर वाचा, पण पेन्सिल घेऊन.

मोयोंचा दावा असा: श्रीमंत देशांची सरकारं गरीब देशांच्या सरकारांना वर्षानुवर्षं जो पैसा देतात, त्यानं आफ्रिकेचं नुकसानच झालं, तो बंद करा. आपत्तीतली मदत आणि धर्मादाय संस्थांचं काम त्या यातून वगळतात. पुष्कळ जण हे वगळणंच वाचत नाहीत आणि त्यांनी न केलेल्या दाव्यावर तुटून पडतात.

आता पुरावा बघू. १९७० ते १९९८ या काळात मदत शिगेला होती आणि आफ्रिकेतली गरिबी ११ टक्क्यांवरून ६६ वर गेली, असं त्या सांगतात. पण आपल्या सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर कुठं जातो? जिथं पाणी नाही तिथं. मग टंचाई टँकरमुळं आली म्हणायचं का? दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळं दुसरी घडली, असं होत नाही.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. पैसा करातून न येता बाहेरून आला, की सरकार जनतेला जुमानत नाही. हे भारताला लावून बघा. पीएल-४८० करारानं १९५६ पासून आपण अमेरिकेचा गहू घेत होतो, १९६५-६६ च्या दुष्काळानंतर तर फारच. तरीही १९७२ च्या दुष्काळात सोलापूरसह महाराष्ट्रभर सरकारला दुष्काळी कामं काढावी लागली. मे १९७३ मध्ये त्यांवर सुमारे ५० लाख मजूर होते. हातात मजुरी आली म्हणून लोकांना धान्य विकत घेता आलं, असं ज्याँ द्रेझ यांचा अभ्यास दाखवतो. मोर्चे आणि विरोधी पक्ष सरकारला स्वस्थ बसू देत नव्हते. पुढं १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, त्यासाठी व्यवसाय करही लागला. बाहेरचा गहू खाऊनही लोकांचा धाक टिकला होता.

मोयोंच्या बाजूनं कुणी म्हणेल, भारताच्या आकारमानानं ती मदत थोडीच होती. आक्षेप रास्त आहे, आणि तुमचं काम इथूनच सुरू होतं. ‘मदत द्यावी का?’ हा वादस्पर्धेचा विषय झाला. सिनॉप्सिसमध्ये लिहा: मदतीचा वाटा किती वाढला की सरकारवरचा लोकांचा धाक सुटतो, आणि कुठं सुटत नाही?